सापाचे ताट पेटीत की पेटीबाहेर?

सापाबद्दल आरोग्याच्या सदरात काही आले की ते सर्पदंशाबद्दलच असणार, असे वाचक धरून चालतात. दर पावसाळ्याच्या तोंडाला मी तसा लेख लिहितोही. नंदाखाल, आगाशी, निर्मळ या आपल्या वाडीच्या पट्ट्यात पाणी भरू लागले की बिळे बुडतात, साप वर येतात आणि केळीच्या बुंध्याशी किंवा पानवेलीत हात घालणाऱ्याला दंश होतो. हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आज मला सापाच्या जेवणाबद्दल लिहावयाचे आहे. हसू नका. मलाही पहिल्यांदा हसू आले होते.

बोळिंजकडच्या नव्या इमारतींतला एक तरुण हाताला चावा घेऊन दवाखान्यात आला. चावा सापाचाच, पण वाडीतल्या नव्हे, घरातल्या. त्याने काचेच्या पेटीत ‘बॉल पायथन’ पाळला आहे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसर अजगर, तीन ते पाच फुटांचा, बिनविषारी. घाबरला की अंगाचे वेटोळे करून चेंडू होतो, म्हणून हे नाव. जखम धुतली, दाताचा तुकडा आत राहिला नाही ना ते पाहिले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. काम पाच मिनिटांचे. मग तो म्हणाला, “डॉक्टर, याला उंदीर पेटीतच द्यावा, की बाहेर काढून वेगळ्या डब्यात द्यावा? पेटीत दिला तर पेटी उघडली की तो हातालाच खाणे समजतो, असं मित्र सांगतात.” त्याची आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, “डॉक्टर, ते राहू द्या. हा मेलेले उंदीर आमच्या फ्रीजमध्ये ठेवतो. माझं आठ महिन्यांचं नातवंड आहे घरात. ते चालतं का, ते आधी सांगा.”

प्रश्न दोन्ही खरे आहेत आणि दोन्हींवर माझे ठाम मत आहे. मुलाच्या प्रश्नाला मी आधी उत्तर देतो, कारण ते मनोरंजक आहे. आईच्या प्रश्नाला नंतर, कारण ते महत्त्वाचे आहे.

तत्पूर्वी कायद्याचे सांगून टाकतो. आपल्याकडचा कोणताही साप, मग तो नाग असो, धामण असो की साधा दिवड, घरात पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला आडवा येतो. परदेशी साप हे वेगळे प्रकरण आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि त्यानंतर २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले विदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंद करावयाची आहे. बॉल पायथन त्या करारात आहे. या तरुणाला मी विचारले, नोंद केलीस का रे? तो पायाकडे पाहू लागला. असो, तो वनखात्याचा विषय आहे.

आता पेटीत की पेटीबाहेर. ज्यांना साप पाळण्याची हौस आहे अशा जगभरच्या मंडळींमध्ये हा वाद जुना आहे. बाहेर काढून खायला घाला म्हणणाऱ्यांचे तर्कशास्त्र असे: पेटीचे झाकण उघडले की उंदीर येतो, हे सापाच्या डोक्यात बसते; मग तुम्ही पाणी बदलायला हात घातलात तरी तो झडप घालतो. हे ऐकायला अगदी बरोबर वाटते. वसईच्या तबेल्यातली म्हैस बादलीचा खणखणाट ऐकून पान्हा सोडते, तशातलाच हा प्रकार. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट आम्हाला पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्रात शिकवली होती, तीही हेच सांगते.

पण त्याच न्यायाने पुढे चला. म्हैस बादलीच्या आवाजाला पान्हावते, कारण बादली वाजली की दोहणे, हे समीकरण कधी चुकत नाही. पेटीचे झाकण जर फक्त उंदीर द्यायलाच उघडत असेल, तर साप तेच शिकेल. मग उपाय काय? झाकण इतर कामांसाठीही उघडत जा. पाणी बदला, घाण काढा, कधी नुसतेच उघडून बंद करा. ज्या दिवशी खायला द्यायचे नसेल त्या दिवशी हात घालण्यापूर्वी लांब आकडीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करा, म्हणजे त्याला कळते की आज जेवण नाही. खाणे द्याल ते लांब चिमट्याने द्या, हाताने नको. आणि उंदीर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटीकडे फिरकू नका. बॉल पायथनची नजर काही फार तीक्ष्ण नसते. तो वासावर आणि उष्णतेवर चालतो. ओठांवर त्याला बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला गरम रक्ताच्या प्राण्याची ऊब कळते. आता तुमच्या हाताला उंदराचा वास आहे आणि हात गरम आहे, तर त्या बिचाऱ्याने काय समजावे? आमच्या या तरुणाच्या चाव्याचे कारण पेटी नव्हे, न धुतलेला हात होता. विचारल्यावर त्याने कबूल केले.

याउलट बाहेर काढून खाऊ घालण्यात काय होते ते पाहा. भुकेला साप उचलायचा, डब्यात ठेवायचा, तो खाईपर्यंत थांबायचे, आणि मग पोटात अख्खा उंदीर असलेला साप पुन्हा उचलून पेटीत टाकायचा. म्हणजे ज्या दोन वेळी सापाला हात लावू नये, नेमक्या त्याच दोन वेळी हात लावायचा. भुकेला असताना तो झडप घालायला टपलेला असतो. जेवण झाल्यावर हाताळला तर गिळलेले ओकून टाकतो. माणसाच्या उलटीसारखी ही साधी बाब नाही. त्याच्याबरोबर जठरातले पाणी आणि पाचक रस जातात, अन्ननलिका सोलवटते आणि साप पुढे कित्येक दिवस अन्नाला तोंड लावण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून जेवणानंतर किमान ४८ तास सापाला उचलू नये, असे जाणकार सांगतात.

या ४८ तासांत सापाच्या शरीरात जे चालते ते वाचून माझ्यासारखा तीस वर्षांचा डॉक्टरही थक्क होतो. आपण दिवसातून तीनदा जेवतो, त्यामुळे आपली पचनसंस्था सदा चालूच असते. अजगराचे तसे नाही. दोन जेवणांच्या मधल्या काळात तो आपले आतडे जणू कुलूप लावून ठेवतो. आतड्याचे अस्तर आक्रसते, जठरातले आम्ल जवळजवळ थांबते. जेवण आले की सगळे कारखाने एकदम सुरू. आतड्याचे अस्तर वाढते, यकृत वाढते, प्राणवायूचा खप कित्येक पटींनी चढतो. ब्रह्मदेशी अजगरावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की जेवणानंतर ४८ तासांत त्याच्या हृदयाचा खालचा कप्पा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, आणि पचन संपले की पुन्हा पूर्ववत होतो. माणसाचे हृदय वाढले तर आम्ही चेहरा गंभीर करतो. इथे प्राणी नुसता जेवला म्हणून हृदय वाढते! अशा वेळी त्याला ऊब लागते, कारण तो थंड रक्ताचा प्राणी, पचनाची उष्णता त्याला बाहेरून घ्यावी लागते. पेटीत ती ऊब असते. एसीच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या डब्यात नसते.

शिवाय हा अजगर मुळात बिळात राहणारा, अंधारात दबा धरून बसणारा. उघड्या डब्यात ठेवून चार माणसे वरून मोबाइलवर चित्रीकरण करीत असली, तर तो खातच नाही. आधीच ही जात उपासाबद्दल प्रसिद्ध, महिनोन्‌महिने खात नाही. मग मालक घाबरतात, रोज नवा उंदीर समोर धरतात आणि साप अधिकच बिथरतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पेटीत. अपवाद दोन. एका पेटीत दोन साप असतील तर खाण्याच्या वेळी ते वेगळे केलेच पाहिजेत, कारण एकाच उंदराला दोघांनी दोन टोकांनी धरले तर प्रसंग बिकट होतो. (मुळात दोन साप एका पेटीत ठेवावेत कशाला?) दुसरे, पेटीत भुसा किंवा काथ्याचा चुरा पसरलेला असेल तर उंदराबरोबर तो पोटात जातो, ही बाहेरवाल्यांची तक्रार खरी आहे. पण त्यासाठी सापाला बाहेर काढायला नको. एक कागद किंवा सपाट फरशी आत ठेवा, त्यावर उंदीर द्या, झाले.

बाहेर काढून खाऊ घालण्याची रीत आपल्या महाराष्ट्राला नवी नाही, हेही जाता जाता सांगतो. नागपंचमीला गारुडी टोपली उघडतो, नाग बाहेर काढतो आणि आपण त्याच्यापुढे दुधाची वाटी धरतो, ते दुसरे काय होते? साप मांसाहारी आहे. त्याच्या पोटात दूध पचविण्याची सोय नाही. तरी तो पितो, कारण आधी कित्येक दिवस त्याला पाण्यावाचून ठेवलेले असते. तहानेने व्याकूळ प्राणी समोर येईल ते पितो. ते दूध श्वासनलिकेत जाते, फुप्फुसाला सूज येते आणि आपल्या दारातून पुण्य घेऊन गेलेला नाग काही दिवसांत मरतो. दात उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेले असते, त्या जखमा वेगळ्याच. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा मोठ्या थाटाने होत असे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली. २०२५ साली तिथे २१ नाग धरण्याची परवानगी केंद्राने दिली, पण ती अभ्यास आणि प्रबोधनापुरती. पूजेसाठी किंवा खेळासाठी नव्हे. शिराळकरांच्या भावनेची मी थट्टा करीत नाही. पण श्रद्धा माणसाची आणि न्यूमोनिया नागाला, हा हिशेब मला कधी पटला नाही.

आता आईचा प्रश्न.

साप, कासव, पाल, सरडा या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू सुखाने नांदतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात आणि अंगाला, पेटीला, पाण्याच्या भांड्याला लागतात. विषमज्वराचे, म्हणजे टायफॉईडचे जंतू याच कुळातले, पण हे भावंड निराळे. यांच्याने ताप, पोटात मुरडा, जुलाब होतात. धडधाकट माणूस चार-सहा दिवसांत उठून बसतो. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्यात हे जंतू रक्तात उतरू शकतात, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून अमेरिकेतले आरोग्य खाते सांगते की पाच वर्षांखालील मूल ज्या घरात आहे त्या घरात सरपटणारा प्राणी पाळूच नये. पासष्टीच्या पुढची माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ कर्करोगाचे औषध चालू असलेले रुग्ण, यांनाही तोच नियम.

इथे ज्यांच्या घरी साप नाही त्यांनी पान उलटू नये. दिवाणखान्यात काचेच्या भांड्यात शुभ म्हणून कासव ठेवलेली किती घरे मला ठाऊक आहेत! जंतू तेच. चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर अमेरिकेने १९७५ सालीच बंदी घातली, कारण मुले ती हातात घेत, तोंडात घालत आणि आजारी पडत. आपल्याकडे ते भांडे स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुतात आणि त्याच बेसिनमध्ये बाळाची दुधाची बाटली.

आणि फ्रीजमधला उंदीर? पुष्कळांचा समज असा की गोठवले की जंतू मेले. साल्मोनेला थंडीत मरत नाही, नुसता झोपतो. सापांसाठी गोठवून विकलेल्या उंदरांपासून माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याची उदाहरणे २०१० च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, दोन्हीकडे नोंदली गेली. साप नव्हे, उंदीरच दोषी. तेव्हा मेलेला उंदीर माणसाच्या अन्नाच्या फ्रीजमध्ये ठेवू नये. स्वयंपाकाच्या ओट्यावर त्याचा बर्फ सुटू देऊ नये, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच नाही. त्याचे भांडे वेगळे, चिमटा वेगळा, धुण्याची मोरी वेगळी. इतके जमत नसेल तर हौस आवरावी. त्या तरुणाला मी हेच सांगितले आणि वर आणखी एक: नातू पाच वर्षांचा होईपर्यंत तुझ्या अजगराला तुझ्या एखाद्या बिनमुलाबाळांच्या मित्राकडे जागा बघ, आणि हे रीतसर नोंद करून कर. त्याला ते आवडले नाही. त्याची आई मात्र जाताना माझ्या कंपाउंडरला दोन वेळा “बरं झालं” म्हणून गेली.

काहीजण गोठवलेल्या उंदराचा खर्च नको म्हणून घरातला पिंजऱ्यात सापडलेला उंदीरच सापाला देतात. हे सर्वांत वाईट. एक तर जिवंत उंदीर सापाला चावतो. कोंडलेला उंदीर जिवावर उदार झालेला असतो, आणि भूक नसलेला साप त्याच्यापुढे नुसता पडून राहतो. दुसरे म्हणजे शेजाऱ्याने घातलेले उंदराचे विष त्याच्या पोटात असू शकते, ते सापाच्या पोटात जाते. तिसरे तुमच्यासाठी: उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला, आणि आपल्याकडेही पाणी तुंबलेल्या दर पावसाळ्यानंतर तापाच्या रुग्णाला मी आधी पाण्यातून चाललात का, हे विचारतो. पिंजरा हाताळताना बोटाला खरचटलेले असले की तेवढे दार त्या जंतूला पुरते.

वाडीतल्या मंडळींना आता वाटेल, हे सगळे टॉवरवाल्यांचे लाड. तसे नाही. आपल्याकडे साप पकडणारी तरुण मुले गावोगावी आहेत. त्यांच्यामुळे कित्येक धामणी आणि नाग काठीखाली मरायचे वाचले, हे मी मानतो. पण त्यांतले काहीजण पकडलेला साप बरणीत किंवा पिंपात घालून चार-आठ दिवस घरी ठेवतात, मित्रांना दाखवतात, आणि मग त्याला काय खायला घालू म्हणून मला विचारतात. काहीही घालू नका. वनखात्याला कळवा आणि ते सांगतील तिथे, पकडल्या जागेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, तो लवकरात लवकर सुटू द्या. साप आठ दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही, पिंपाच्या उन्हाने मरतो. आणि पिंपाचे झाकण तुमच्या धाकट्या भावाने उघडले तर काय, याचा विचार तुम्ही करावयाचा आहे. धामणीला वाडीत तिचे अन्न मिळते, दिवडाला बावखलात मिळते. बावखले आपण बुजवीत चाललो आहोत, पण ते दुसऱ्या एका लेखाचे काम.

एक गोष्ट मात्र मला खरोखर धास्तावते. १ जून २०२५ रोजी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ४७ विषारी साप सापडले. त्यांतले तीन इराणकडच्या, शेपटीवर कोळ्यासारखा आकार असलेल्या दुर्मीळ जातीचे आणि ४४ इंडोनेशियातल्या जातीचे. हे साप कोणाच्या तरी पेटीत जाणार होते. आपल्या देशात सर्पदंशावर मिळणारी लस चार सापांच्या विषावर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या विदेशी सापांच्या विषावर ती बनविलेलीच नाही. म्हणजे दंश झाल्यावर रुग्णालयात सलाइन असेल, व्हेंटिलेटर असेल, धावपळ करणारे डॉक्टर असतील, पण नेमके औषध नसेल. आपल्या चार सापांवर औषध असूनही या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज आहे. त्यात हौसेची भर कशाला?

म्हणून घरी पाळलेला साप चावला तर लाज बाळगू नका. पोलीस येतील, वनखाते येईल म्हणून “काहीतरी किडा चावला” असे सांगणारे असतात. जात खरी सांगा, नाव माहीत नसेल तर मोबाइलवर आधीच काढलेला फोटो दाखवा. साप पिशवीत घालून आणू नका. बिनविषारी अजगर चावून सोडत नसेल तर ओढू नका, त्याचे दात मागे वळलेले असतात, ओढल्याने मांस फाटते. गार पाण्याची धार सोडली की बहुधा तो स्वतःच सोडतो. मग जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पाच-दहा मिनिटे धुवा आणि दवाखान्यात या. विषारी असेल किंवा शंका असेल तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका; हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि थेट मोठे रुग्णालय गाठा, माझ्याकडे थांबू नका. आणि घरी साप किंवा कासव असलेल्या मुलाला ताप-जुलाब झाले तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते आपणहून सांगा, म्हणजे विडाल करून टायफॉईड लिहून मोकळे होण्याऐवजी आम्ही शौचाची आणि रक्ताची जंतुतपासणी वेळेत पाठवू.